सत्तावीस नंबरची कांडी

डबा तोच होता. पत्र्याचा, चौकोनी, बिस्किटांचा. झाकणावर कधीकाळी गुलाबाचं चित्र होतं, आता तिथे तांबूस डाग उरला आहे. परवा दाखला आणायला कॉलेजच्या ऑफिसात गेले, तर तो खिडकीत ठेवलेला दिसला. आत खडूचे तुकडे होते. रजिस्टरवर सही करता करता मी थांबले आणि माझ्या तळहाताला घाम फुटला. चार वर्षं झाली त्याला. डोक्याला आठवायच्या आधी हाताला आठवलं.

दस्तगीरमामांनी ते पाहिलं. मामा आमच्या वेळेपासूनचे शिपाई. “क्या बाई, डब्बा पहचाने क्या?” असं म्हणत त्यांनीच खडू एका कागदावर ओतले, डबा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि माझ्या हातात दिला. “लेको जाव. इसकू कौन पुछता अब.”

मी रस्त्यातच झाकण उघडून वास घेतला. वर खडूचा कोरडा वास, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, तेल प्यालेल्या लाकडाचा. कांड्यांचा वास.

सोलापुरात कांडी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगते. वीतभर लांबीची, बोटाएवढी जाड लाकडी काडी. तिच्यावर सूत भरतात, ती धोट्यात बसवतात आणि धोटा मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहतो. माझी आई घरी चरख्यावर कांड्या भरायची. दुपारी चरख्याची घरघर, कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा वास, दूरवर गिरणीचा भोंगा. माझं लहानपण या तीन गोष्टींत मावतं. चौथी गोष्ट पत्रकं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. घरात कोरा कागद विकत आल्याचं मला आठवत नाही. पत्रकाची मागची बाजू हीच आमची पाटी. गणितं तिथेच, शुद्धलेखन तिथेच. मी वाचलेले पहिले शब्द ‘कामगार बंधू-भगिनींनो’ हे होते. त्यामुळे सतराव्या वर्षी कॉलेजात गेले तेव्हा माझ्या तोंडात भरपूर शब्द होते आणि ते सगळे छापील होते.

पहिल्या वर्षाला नागरिकशास्त्राची तोंडओळख करून देणारा एक विषय होता. तो शिकवायला बिराजदार सर. तरुण, सडसडीत, दुधनीचे. घरी कन्नड. मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी त्यांचा सूर वर जायचा, त्यामुळे त्यांचं साधं विधानसुद्धा प्रश्नासारखं वाटायचं. ‘आज मंगळवार आहे’ म्हणाले तरी वाटायचं, आता आपण उत्तर द्यायचं.

पहिल्याच तासाला त्यांनी एक पोतडी टेबलावर उपडी केली. जुन्या बाजारातून आणलेल्या रिकाम्या कांड्या खडखडत पसरल्या. अर्धा वर्ग मागवाल्यांच्या घरचा. हशा झाला.

“सर, आमच्या आईकडं द्या, संध्याकाळपर्यंत भरून देती!” मागून कुणीतरी ओरडलं.

“भरायच्या नाहीत बा,” सर म्हणाले. “टाकायच्या आहेत.”

प्रत्येक कांडीवर तांबड्या रंगाने एकेक हजेरी नंबर लिहिलेला होता. सोमवारी प्रत्येकाने आपली कांडी घ्यायची. आठवड्यात कधीतरी वर्गात बोलायचं. प्रश्न, शंका, ‘सर, हे मला पटत नाही’, काहीही चालेल. बोललं की उठून यायचं आणि कांडी डब्यात टाकायची. ज्याची कांडी पडली त्याने शनिवारपर्यंत फक्त ऐकायचं. शनिवारी एकाच्याही हातात कांडी उरता कामा नये.

“नियम एकच,” सर म्हणाले. “आधी बोलायचं, मग टाकायची. नुसती टाकून बाकावर पळायचं नाही.”

माझी कांडी एकतीस नंबरची. पहिल्या सोमवारी पहिल्या पाच मिनिटांत मी उभी राहिले आणि श्रमिकांच्या शोषणावर असं काही बोलले की बाकं थरारली असतील असं मला वाटलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

“छान. हे पत्रकातलं होतं. तुझं वाक्य कुठलं?”

वर्ग हसला. मी कांडी टाकली. ठण्ण असा आवाज झाला आणि पुढचे पाच दिवस मला गप्प बसावं लागलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शिक्षा, जी मला अजूनही बक्षिसासारखी आठवते. पुढे सरांनी डबा सांभाळण्याचं कामही मलाच दिलं. म्हणाले, “तोंड बंद असताना हाताला काम असावं.”

शेवटच्या बाकावर, खिडकीशी, नरसय्या बसायचा. पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या घरातला. पहाटेपासून माग चालवून यायचा. केसांत सुताचा पांढरा भुसा असायचा आणि शर्टाला खळीचा आंबूस वास. त्याची कांडी सत्तावीस नंबरची. ती दर शनिवारी त्याच्या हातात तशीच असायची. हजेरीच्या पहिल्या दिवशी तो ‘हजर’ म्हणाला आणि सगळा वर्ग दचकून मागे वळला होता, मग फिदीफिदी हसला होता. मागाच्या घरात हळू बोलून चालत नाही. खटक-खट, खटक-खट याच्या वर आवाज काढावा लागतो. त्या दिवसापासून तो हजेरीला नुसता हात वर करी.

मी एकदा जिन्यात त्याला अडवलं. “अरे, बोलायला एवढा काय घाबरतोस?”

“घाबरत न्हाय मी,” तो म्हणाला, आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांनी वर पाहिलं. त्याने ओठ मिटले. मग हाताने तोंडावर आडोसा धरून म्हणाला, “मला हळू बोलता येत न्हाय.”

जून संपायच्या आत आणीबाणी आली.

ती आली म्हणजे नेमकं काय झालं, हे पुस्तकांत येईल. मला आठवतं ते आंघोळीचं पाणी. एके दिवशी उजाडता उजाडता अण्णांनी कपाटातली, गादीखालची, माळ्यावरची सगळी पत्रकं काढली आणि मोरीतल्या बंबात घातली. काळी राख अंगणभर उडत होती. तांब्याभर पाणी अंगावर घेतलं तर त्याला शाईचा वास. माझी गणितं, माझं शुद्धलेखन, सगळं त्या पाण्यात.

“आज पाणी लई कडक झालंय,” आई एवढंच म्हणाली.

“बाहेर कुठं काही बोलायचं नाही,” अण्णा मला म्हणाले.

“किती दिवस?”

“मी सांगेपर्यंत.”

कॉलेजच्या आवारात लिंबाखाली एक बाक होता. जुलैत त्या बाकावर टेरिलिनचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस येऊन बसू लागला. तो कुणाशी बोलत नसे. भाजलेल्या शेंगा खायचा. टरफलं पायाशी टाकायचा. आम्ही जाता-येता त्याच्या तोंडाकडे बघत नसू, टरफलांच्या ढिगाकडे बघायचो. ढीग लहान असला तर तो आत्ताच आला. ढीग मोठा असला तर तो सकाळपासून आहे. आजही कुठे शेंगांची टरफलं पडलेली दिसली की मी बोलता बोलता आवाज खाली आणते. मग स्वतःचाच राग येतो.

कांड्यांचा आवाज कमी होत गेला. आधी मुलं ग्रामपंचायतीवर विचारायची, हौदाच्या पाण्यावर विचारायची. एकाने ‘सरपंचाला पगार किती?’ विचारून तासभर हसवलं होतं. मग आठवड्याला पंधरा कांड्या पडू लागल्या, मग नऊ, मग चार. सर सोमवारी तशीच पोतडी उघडत, तसाच नंबर पुकारत. आम्ही कांड्या मुठीत धरून बसायचो. शनिवारी गोळा करताना लाकूड ओलं लागायचं. चाळीसजणांचा घाम मी त्या पोतडीत भरायची. माझी एकतीस नंबरचीही त्यातच असायची, हे लिहायला मला कष्ट पडतात. मी, जिचे पाळण्यातले शब्द ‘आवाहन’ आणि ‘निषेध’ होते, ती दोन महिने गप्प होते. कुणी विचारलं तर सांगायची, “अण्णांनी सांगितलंय.”

गणपती विसर्जनानंतरचा आठवडा. बाहेर ऊन परत चढलं होतं. सर मूलभूत हक्कांचा धडा शिकवत होते. भाषण, संचार, संघटना, पुस्तकात जसे होते तसे एकेक. शुक्रवार होता आणि आठवडाभरात डबा एकदाही वाजला नव्हता. सरांनी खडू ठेवला.

“कुणाला काही विचारायचं आहे?”

भोंग्याचा आवाज येऊन गेला. कुणीतरी खोकलं. आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला. मागाच्या घरातला, चार भिंती ओलांडणारा.

“सर, ह्या धड्यातले हक्क आता चालू हाईत का बंद?”

वीज गेली की मागवाला शेजाऱ्याला विचारतो तसं, अगदी सरळ. कुणी हसलं नाही. सगळ्या माना दाराकडे वळल्या. व्हरांडा मोकळा होता. नरसय्या बाकांमधून चालत आला, त्याने कांडी टाकली. रिकाम्या डब्यात एकच कांडी केवढी वाजते! मी दोन्ही हातांनी डबा धरला, तरी तो वाजतच राहिला असं मला वाटलं.

सरांचा आणखी एक रिवाज होता. ज्या प्रश्नाचं उत्तर वर्गाला मिळालं नाही तो फळ्यावर लिहायचा आणि मिळेपर्यंत पुसायचा नाही. ते दाराकडे पाठ करून उभे राहिले. मग त्यांनी लिहायला घेतलं. खडू दोनदा तुटला. त्यांचं अक्षर एरवी सुंदर. त्या दिवशी ओळ उताराला लागली होती.

“पुसू नका,” ते म्हणाले. त्यांचा सूर पहिल्यांदाच वर गेला नाही.

शनिवारी सकाळी आले तर लिंबाखालचा बाक रिकामा होता. टरफलं आमच्या वर्गाच्या खिडकीखाली पडली होती.

पहिल्या तासाच्या आधीच दस्तगीरमामा दारात उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “वो कांड्यांका डब्बा लेको आव बोले साब.” कॉलेजभर सगळ्यांना माहीत होतं, सरांच्या वर्गात बोलणाऱ्याची कांडी डब्यात असते आणि कांडीवर नंबर असतो. आम्ही स्वतःच कौतुकाने सांगत फिरलो होतो. बोलण्याची भीती जावी म्हणून सरांनी प्रत्येकाच्या बोलण्यावर नंबर घातला होता. पकडायला येणाऱ्याचं अर्धं काम आम्ही वर्गात हसत खेळत करून ठेवलेलं.

आमच्या वर्गापासून ऑफिसापर्यंत तो व्हरांडा. सात खांब. चालताना डब्यात सत्तावीस नंबर इकडून तिकडे घरंगळत होती आणि प्रत्येक पावलाला वाजत होती. तिसऱ्या खांबाशी मी थांबले. झाकण उघडलं. कांडी काढली आणि कमरेला खोचली. माझ्या उजव्या मुठीत एकतीस नंबर होती. आठवडाभर तिथेच होती. एक काढायची आणि एक टाकायची, की प्रश्न माझा ठरला असता, इतकंच काम होतं. चौथा खांब गेला, पाचवा गेला. मूठ उघडेना. मी डब्याचं झाकण लावलं.

ऑफिसात प्राचार्य आणि शेंगांवाला. जवळून तो अगदी साधा दिसत होता. त्याच्या बाहीला टरफलाचा पापुद्रा चिकटला होता. त्यानेच डबा घेतला, उघडला, उलटा केला. काही पडलं नाही.

“या आठवड्यात कुणीच बोललं नाही?” प्राचार्यांनी विचारलं.

“नाही सर.”

“मग फळ्यावरचा प्रश्न?”

मी शेंगांवाल्याच्या बाहीवरच्या पापुद्र्याकडे बघत राहिले.

“अक्षर बिराजदारांचं आहे,” तो माणूस म्हणाला. “म्हणजे त्यांच्याच डोक्यातलं.”

हा प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. अशी मनाची समजूत मी त्याच क्षणी घातली. मला तिथून बाहेर पडायचं होतं, बस्स. बाहेर आले तर समोरून सर येत होते. हातात हजेरीपट, बोटांना खडू. “डबा कुठे नेलास?” त्यांनी हसून विचारलं. मी मान खाली घालून गेले.

सोमवारी सर आले नाहीत. कुणी म्हणालं रात्रीच उचललं, कुणी म्हणालं बदली झाली. मला ताप चढला आणि मी आठवडाभर घरीच पडून होते. परत गेले तेव्हा फळा ओल्या फडक्याने पुसलेला होता, पोतडी नाहीशी झाली होती आणि एक नवे सर टिपणं सांगत होते. आम्ही ती उतरवून घेतली. चाळीस पेनांची कुरकुर, दुसरा आवाज नाही. नरसय्याची जागा रिकामी. मी मनात म्हटलं, घाबरला बिचारा. बरं झालं मी त्याला वाचवलं.

पुढे निवडणूक झाली, माणसं सुटून आली, अण्णा पुन्हा लिहू लागले. मीही लिहू लागले. ‘गप्प बसणं हाही गुन्हाच आहे’ हे वाक्य मी ठळक टाइपात छापून गिरणीच्या दारात वाटलं. सभांमधून बोलले, टाळ्या घेतल्या. ट्रंकेच्या तळाशी दोन कांड्या होत्या. सभांना जाताना मी ती ट्रंक उघडत नव्हते.

परवा डबा घरी आणला आणि ट्रंक उघडली.

काल दुपारी मी पूर्व भागात गेले. गल्लीभर माग चालू. रंगाचा आणि खळीचा तोच वास. दोरीवर तांबडं सूत वाळत घातलेलं. “रा अम्मा, कूर्चो,” नरसय्याची आई म्हणाली आणि पाट सरकवला. नरसय्या मागावर होता. चादरीवर मोराची नक्षी उतरत होती. मला पाहून हसला, पण हात थांबले नाहीत.

मी जवळ जाऊन कांडी पुढे धरली आणि ठरवून आणलेलं बोलू लागले.

“काय?”

मी पुन्हा बोलले.

“मोठ्यानं बोल की! ऐकू येत न्हाय!”

सभेत हजार माणसांना ऐकू जाणारा माझा आवाज त्या मागांच्या वर जाईना. शेजारच्या मागावरचे दोघे आमच्याकडे बघत होते. दारात बाया सूत सोडवत बसल्या होत्या. खटक-खट, खटक-खट.

“डबा मी रिकामा केला होता!” मी ओरडले. “तुझी कांडी मी काढली! माझी टाकली नाही!”

त्याने माग बंद केला. शेजारचेही थांबले.

त्याने कांडी हातात घेतली. अंगठ्याने सत्तावीसचा तांबडा आकडा चोळला.

“मी गेलतो की हापिसात,” तो म्हणाला. “मंगळवारी. म्हनलो, प्रश्न मी इचारला, सरान्ला का धरता? तर साहेब म्हनले, डबा बघितला आमी, रिकामा हाय. तुला कुनी शिकवून पाठवलं? मी लई बोललो. माझा आवाज तुला म्हाईत हाय. सगळं कॉलेज खिडकीतनं बघाया लागलं. शेवटी मामानं दंड धरून भाईर आनलं. घरी कळलं, नानानं, माझ्या बापानं, कॉलेज बंद केलं.”

मी त्या मंगळवारी पांघरुणात होते.

“चार वर्सं झाली,” तो हळू म्हणाला. हळू बोलायला तो शिकला होता. “मला वाटायचं, कांडी टाकली व्हती ना मी? ठण्ण वाजलं ते ऐकलं व्हतं ना? का नुसतं वाटलं मला?”

“टाकली होतीस,” मी म्हटलं. “वाजली होती.”

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. शेजारचा एकजण म्हणाला, “व्हय रे नरसू, त्या कांडीला आता सूत भर की,” आणि सगळे जरासे हसले. नरसय्याही हसला. मग त्याने विचारलं, “आन् तुजी कुटं हाय?”

मी मूठ उघडून दाखवली.

“अजून हातातच व्हय?”

आई चहा घेऊन आली. चहा पिताना त्याने सरांचं सांगितलं. सर दुधनीला असतात, भावाचं शेत बघतात. शिकवत नाहीत. शाळा सुटायच्या वेळेला घराबाहेर पडत नाहीत. पोरांचा गलका ऐकला की दार लावून घेतात. नरसय्या दर दिवाळीला त्यांना एक चादर नेऊन देतो.

“ते काय म्हणतात? डब्याचं?”

“कायबी न्हाय. मी इचारलं न्हाय.” त्याने बशी खाली ठेवली. “उद्या माग बंद हाय. सकाळच्या गाडीनं जाऊ. तूच सांग.”

“तू सांग ना,” मी म्हणाले. माझ्या तोंडून ते निघालं, आत्ता, चार वर्षांनी, निवडणुकीनंतर, एवढ्या सभांनंतर.

“मी बोललोय की,” नरसय्या म्हणाला आणि त्याने माग सुरू केला.

ती उद्याची सकाळ आज उजाडली आहे. गाडीला अजून तासभर आहे. समोर डबा आहे, मी पुसून स्वच्छ केलेला. सत्तावीस नंबर नरसय्या स्वतः आणणार आहे. एकतीस माझ्या मुठीत आहे आणि लाकूड ओलं झालं आहे. आता इथे, या खोलीत, कुणी नसताना ती डब्यात टाकून द्यावी असं फार वाटतं. आवाज होईल, मोकळं वाटेल.

पण नियम सरांचा आहे. आधी बोलायचं, मग टाकायची.